चंगीझ खानाची वाटणी: एका साम्राज्याच्या चार खानती कशा झाल्या

मंगोल साम्राज्याचा नकाशा पाहिला की दोन प्रश्न हमखास पडतात. कोरियापासून पार हंगेरीच्या मैदानापर्यंतचा मुलूख मेंढरं-घोडी राखणाऱ्या माणसांनी जिंकला कसा, हा पहिला. आणि मग तो गेला कुठे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर भरभरून लिहिलं जातं: घोडदौड, तिरंदाजी, वेढे, कत्तली. दुसऱ्याकडे फारसं कुणी वळत नाही. मला मात्र तोच जास्त मोलाचा वाटतो. रशिया, इराण, चीन, मध्य आशिया आणि आपला हिंदुस्थान, या सगळ्यांच्या पुढच्या इतिहासाचे धागे त्याच्या उत्तरात गुंतलेले आहेत.

उत्तर थोडक्यात असं, की हे साम्राज्य वाटणीत गेलं. बाहेरच्या कुठल्या शत्रूने ते मोडायच्या आधीच घरच्यांनी त्याचे चार भाग केले होते. भाऊबंदकी राज्याला कशी पोखरते हे पेशवाईचा इतिहास वाचलेल्यांना वेगळं सांगायला नको. पण मंगोलांची भाऊबंदकी जरा निराळी होती, आणि ती समजून घ्यायची तर सुरुवात चंगीझपासूनच करावी लागते.

त्याचं मूळ नाव तेमुजिन. जन्म ११६२च्या आसपासचा, ओनोन नदीच्या परिसरातला. बाप येसुगेई याला तातार टोळीच्या लोकांनी विष घालून मारलं तेव्हा तेमुजिन लहान पोर होता. भावकीने या विधवेला आणि तिच्या मुलांना वाऱ्यावर सोडलं, आणि आई होएलूनने कंदमुळं खणून त्यांना जगवलं. पुढे त्याची बायको बोर्ते हिला मर्किट टोळीने पळवून नेलं. तेमुजिनने मित्रांच्या मदतीने तिला सोडवून आणलं, पण त्यानंतर लवकरच झालेला थोरला मुलगा जोची नक्की कुणाचा, ही कुजबुज जन्मभर त्याची पाठ सोडणार नव्हती. हा घरातला तपशील लक्षात ठेवायला हवा, कारण त्याने पुढे राजकारण घडवलं.

‘खान’ या शब्दामुळे आपल्याकडे अनेकांची समजूत असते की चंगीझ मुसलमान होता. तो नव्हता. खान ही गवताळ प्रदेशातल्या टोळ्यांची राजासाठीची जुनी पदवी. चंगीझ आकाशदेवाला, तेंगरीला मानणारा होता. त्याचे काही नातू-पणतू पुढे मुसलमान झाले, काहींनी बौद्ध लामांना गुरू केलं, आणि घरात आलेल्या कित्येक सुना ख्रिस्ती होत्या.

१२०६ साली ओनोनच्या काठी भरलेल्या सभेत, म्हणजे कुरुलताईत, सगळ्या टोळ्यांनी त्याला चंगीझ खान म्हणून मान्यता दिली. त्यानंतर त्याने जे केलं ते लढायांपेक्षाही महत्त्वाचं होतं. दहा, शंभर, हजार आणि दहा हजार अशा पथकांत त्याने सगळा समाजच बांधला, आणि हरलेल्या टोळ्यांची माणसं फोडून या पथकांमध्ये विखरून टाकली. तातार, मर्किट, नायमान या जुन्या ओळखी लष्करात विरघळल्या. निष्ठा टोळीशी न राहता थेट खानाच्या घराण्याशी जोडली गेली. ‘सोनेरी वंश’ म्हणून त्या घराण्याचं जे माहात्म्य पुढे शतकानुशतकं टिकलं, त्याचं मूळ या व्यवस्थेत आहे.

मग स्वाऱ्या सुरू झाल्या. उत्तर चीनमधल्या जिन राज्याची राजधानी, आजच्या बीजिंगच्या जागी असलेलं चोंगदू, १२१५ मध्ये पडलं. पश्चिमेला ख्वारझमच्या शाहाशी त्याला आधी व्यापार हवा होता. पण १२१८ मध्ये ओतरार या सरहद्दीवरच्या गावी तिथल्या सुभेदाराने चंगीझचा चारशेहून अधिक माणसांचा व्यापारी तांडा हेर ठरवून कापला, आणि जाब विचारायला आलेल्या वकिलालाही शाहाने मारलं. पुढच्या तीन-चार वर्षांत बुखारा, समरकंद, उर्गेंच, मर्व, निशापूर, हेरात ही मध्ययुगातली भरभराटीची शहरं एकामागोमाग उद्ध्वस्त झाली. तेव्हाच्या लेखकांनी दिलेले मेलेल्यांचे लाखालाखांचे आकडे शब्दशः घेता येत नाहीत. पण मर्वसारखं शहर त्यानंतर जुन्या वैभवाला कधीच पोचलं नाही, आणि खुरासानातली पाटपाण्यावरची शेती पिढ्यान्‌पिढ्या सावरली नाही. मंगोलांनी व्यापाराचे रस्ते मोकळे केले वगैरे कौतुक हल्ली बरंच होतं. त्यात तथ्य आहेच, पण ते सांगताना या शहरांना ओलांडून पुढे जाणं मला अन्यायाचं वाटतं.

आता मूळ मुद्दा, वारशाचा.

मंगोल रिवाजात दोन प्रकारचा वारसा असे. पहिला कुरणांचा, गुरांचा आणि माणसांचा. त्यात मुलगे मोठे होतील तसे त्यांना बापाच्या तळापासून दूरची कुरणं मिळत. थोरला सर्वांत लांब, आणि घरची चूल, मूळ गोठा, धाकट्याकडे. दुसरा वारसा गादीचा. तो थोरलेपणावर ठरत नसे. कुरुलताईत घराण्यातल्या लायक माणसाची निवड व्हायची, आणि लायक कोण यावर वाद व्हायचे. म्हणजे मालमत्ता एका नियमाने वाटली जाणार आणि सत्ता दुसऱ्या नियमाने ठरणार. ज्याच्याकडे फौज जास्त त्याच्याकडे गादी असेलच असं नाही. साम्राज्य लहान असताना हे खपून जात होतं.

बोर्तेपासून चंगीझला चार मुलगे होते: जोची, चगताई, ओगेदेई आणि तोलुई. वारसाची चर्चा निघाली तेव्हा चगताई बापासमोरच म्हणाला, की हा मर्किटांचा, याचं राज्य आम्ही का मानावं? मंगोलांच्या स्वतःच्या जुन्या बखरीत हा प्रसंग उघडपणे नोंदवला आहे. दोघं भाऊ एकमेकांच्या गळपट्टीला भिडले. अखेर तडजोड म्हणून तिसरा, सगळ्यांना सांभाळून घेणारा आणि दारूचा शौकीन ओगेदेई वारस ठरला.

वाटणीत जोचीला पश्चिमेकडचा भाग मिळाला. त्याची हद्द सांगितली गेली ती अशी: मंगोल घोड्यांच्या टापा जिथवर पोचल्या तिथवर. चगताईला मध्य आशिया. ओगेदेईला अल्ताईच्या बाजूची कुरणं आणि गादी. धाकट्या तोलुईला मूळ मायभूमी, आणि तिच्यासोबत फौज. रशीदुद्दीन या इराणी इतिहासकाराच्या नोंदीप्रमाणे १,२९,००० च्या मूळ मंगोल फौजेपैकी १,०१,००० तोलुईकडे गेली. या एका आकड्यात पुढच्या तीस वर्षांचं राजकारण दडलेलं आहे. १२२७ मध्ये चंगीझ वारला; जोची त्याच्या काही महिने आधीच गेला होता.

ओगेदेईने राज्याला राज्याचं रूप दिलं. ओर्खोन नदीच्या खोऱ्यात काराकोरम ही राजधानी बांधली, आणि ‘याम’ नावाची टपालचौक्यांची साखळी पक्की केली. चौकीवर ताजे घोडे, दाणागोटा आणि मुक्कामाची सोय तयार असे, आणि अधिकृत बिल्ला दाखवणाऱ्या जासुदाला ती द्यावीच लागे. उत्तर चीनमध्ये शेतकऱ्यांना हाकलून सगळी जमीन कुरण करावी, असं काही मंगोल सरदारांचं म्हणणं होतं. तेव्हा येलू चुत्साई या खितान अधिकाऱ्याने हिशेब मांडला: ही माणसं जगवून त्यांच्याकडून कर घेतला तर दरसाल किती चांदी, किती रेशीम, किती धान्य येईल. ओगेदेईला हिशेब पटला. लाखो जीव त्या हिशेबाने वाचले असतील. लढाईच्या इतिहासात अशा माणसांना दोन ओळीही मिळत नाहीत, म्हणून हे नाव मुद्दाम सांगितलं.

त्याच काळात जोचीचा मुलगा बातू याने रशियातली संस्थानं जिंकली. १२४० मध्ये कीव पडलं. १२४१च्या एप्रिलमध्ये पोलंडातल्या लेग्निका आणि हंगेरीतल्या मोही इथे दोन-तीन दिवसांच्या अंतराने युरोपियन फौजांचा धुव्वा उडाला. डिसेंबरात ओगेदेई वारला आणि पुढच्या वर्षी मंगोल हंगेरीतून परतले. नव्या खानाच्या निवडीसाठी परतले की हंगेरीच्या दलदलीत घोड्यांना चारा पुरेना म्हणून, यावर इतिहासकारांचं एकमत नाही.

ओगेदेईनंतरची दहा वर्षं बायकांची होती असं म्हटलं तरी चालेल. त्याची विधवा तोरेगेने हिने पाच वर्षं साम्राज्याचा कारभार हाकला आणि आपल्या मुलाला, ग्युयुकला, गादीवर बसवलं. तो दोन वर्षांत गेला. मग डाव टाकला तोलुईच्या विधवेने. सोरघागतानी बेकी ही केराइट टोळीतली, नेस्टोरियन (पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाची) ख्रिस्ती. नवरा १२३२ मध्ये वारल्यावर तिने पुन्हा लग्न केलं नाही, चारही मुलांना शिकवलं, नवऱ्याची फौज आणि दौलत नीट राखली, आणि ओगेदेईच्या घराशी बिनसलेल्या बातूशी संधान बांधलं. १२५१ मध्ये तिचा थोरला मुलगा मोंगके महाखान झाला. ओगेदेई आणि चगताईच्या शाखांमधल्या कितीतरी लोकांना कटाच्या आरोपावरून ठार मारण्यात आलं. ज्याच्याकडे फौज, त्याच्याकडे शेवटी गादी आली. पण घराण्याच्या दोन शाखा कायमच्या दुखावल्या.

मोंगकेने भावांना कामं वाटली. कुबलाई चीनकडे, हुलागू इराण-इराककडे. हुलागूने १२५६ मध्ये अलमूतचा किल्ला घेऊन निझारी इस्माइली या शिया पंथाचं राज्य संपवलं, आणि फेब्रुवारी १२५८ मध्ये बगदाद. पाचशे वर्षांची अब्बासी खिलाफत तिथे बुडाली. खलिफा मुस्तसिमला गालिच्यात गुंडाळून घोड्यांच्या टापांखाली मारलं असं अनेक वृत्तांतांत येतं. राजरक्त जमिनीवर सांडू नये, हा मंगोलांचा नेम होता.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, जी नकाशावर दिसत नाही. चार रंगांचे चार तुकडे पाहून वाटतं की हद्दी स्पष्ट होत्या. प्रत्यक्षात प्रत्येक शाखेचे हिस्से दुसऱ्याच्या मुलखात होते. व्होल्गाकाठच्या बातूच्या घराचा उत्पन्नाचा हक्क चीनमधल्या शान्शी प्रांतातल्या पिंगयांगवर होता. इराणात बसलेल्या हुलागूच्या घराला चीनमधल्या चांगदेचं उत्पन्न मिळायचं. एकाच सातबाऱ्यावर सगळ्या भावांची आणि चुलत्यांची नावं लागलेली असावीत आणि जमीन कसणारा एकच असावा, तशी ही स्थिती. त्यामुळे नातं तुटतही नव्हतं आणि भांडण मिटतही नव्हतं.

ऑगस्ट १२५९ मध्ये मोंगके चीनच्या सिचुआनात मोहिमेवर असताना वारला, आणि वर्षाभरात सगळं विस्कटलं. कुबलाई आणि धाकटा भाऊ अरिक बोके, दोघांनीही आपापल्या कुरुलताया भरवून स्वतःला महाखान म्हणवून घेतलं. हुलागू बरीचशी फौज घेऊन मागे सरला. सीरियात उरलेल्या तुकडीला इजिप्तच्या ममलूकांनी सप्टेंबर १२६० मध्ये ऐन जालूत इथे हरवलं. ही लढाई प्रसिद्ध आहे, पण मला त्यापेक्षा मोठी घटना वाटते ती १२६२ची. बातूचा भाऊ बर्के आता जोचीच्या घराचा प्रमुख होता आणि तो मुसलमान झाला होता. बगदादच्या खलिफाचा वध त्याला खुपला होताच, पण त्याहून खुपत होती अझरबैजानची हिरवीगार कुरणं. ती आपल्या वाट्याची, असं त्याचं म्हणणं, आणि त्यावर हुलागू बसला होता. बर्केने कॉकेशसमध्ये चुलतभावाशी युद्ध पुकारलं आणि त्यासाठी हात मिळवला तो ममलूक सुलतान बैबर्सशी. चंगीझचे दोन नातू एकमेकांवर चालून गेले आणि त्यातल्या एकाने परक्याची मदत घेतली. एकसंध साम्राज्य इथे संपलं. कुबलाईने १२६४ मध्ये अरिक बोकेला शरण आणलं, पण पश्चिमेकडे त्याचा शब्द आता नावापुरता उरला होता.

चार घरांपैकी सर्वांत श्रीमंत कुबलाईचं. त्याने १२७१ मध्ये आपल्या राज्याला युआन हे चिनी नाव दिलं, आजच्या बीजिंगच्या जागी दादू ही राजधानी उभारली आणि १२७९ पर्यंत दक्षिणेतलं सोंग राज्य पुरतं संपवलं. जपानवरच्या १२७४ आणि १२८१च्या दोन्ही स्वाऱ्या फसल्या. १३६८ मध्ये मिंग घराण्याने युआनांना चीनमधून हुसकलं आणि ते मंगोलियात परतले. तिबेटी लामांशी कुबलाईने जोडलेलं नातं मात्र टिकलं. १५७८ मध्ये अल्तान खान या मंगोल राजाने सोनाम ग्यात्सो या लामाला ‘दलाई लामा’ ही पदवी दिली, आणि पुढचा दलाई लामा त्याच अल्तान खानाच्या घरात जन्मलेला मंगोल मुलगा होता.

इराणातल्या हुलागूच्या घराला इल्खानी म्हणतात. ज्यांनी बगदाद बुडवलं त्यांच्याच आश्रयाने मरागा इथे नसीरुद्दीन तुसीची वेधशाळा उभी राहिली, आणि त्यांच्याच दरबारात रशीदुद्दीनने चीनपासून युरोपपर्यंतच्या लोकांचा इतिहास लिहिला. या घराची एक गोष्ट जरा थांबून सांगण्याजोगी आहे.

१२९४ साल. इल्खान गैखातूची तिजोरी रिकामी झाली होती. काही त्याच्या उधळपट्टीने, काही जनावरांवर आलेल्या रोगराईने. वजीर सद्रुद्दीन झंजानी याला उपाय सुचला: चीनमध्ये कुबलाई कागदाचे पैसे चालवतो, आपणही चालवू. कुबलाईकडून आलेला बोलाद नावाचा वकील दरबारात होताच, त्याला विचारून सगळी पद्धत समजून घेतली. तब्रीझमध्ये नोटा छापल्या. त्यांना नावही चिनीच, ‘चाव’. कागदावर चिनी अक्षरं आणि शेजारी इस्लामचा कलमा. नोट नाकारेल त्याला देहदंड. आणि झालं काय? तब्रीझचा बाजार बसला. दुकानदारांनी फळ्या लावल्या, माल दडवला, लोक शहर सोडून जायला लागले, खायला मिळेना. दोनेक महिन्यांत वजिराला हुकूम मागे घ्यावा लागला. पुढच्याच वर्षी गैखातू मारला गेला.

चीनमध्ये जे चाललं ते तब्रीझमध्ये का चाललं नाही? चीनला नोटांची सवय सोंग काळापासूनची होती. कुबलाईने १२६० मध्ये नोटा काढल्या तेव्हा त्यांच्यामागे चांदीचा साठा ठेवला होता, आणि सरकार कर म्हणून त्याच नोटा घेत होतं. तब्रीझमध्ये छापखाना होता आणि शिक्षेची धमकी होती. तिजोरी रिकामी आहे हे मात्र गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कागदी चलनामागे काय लागतं हे शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. गैखातूनंतर काही महिन्यांनी गादीवर आलेल्या गाझानने १२९५ मध्ये इस्लाम स्वीकारला आणि करपद्धतीची, वजनमापांची घडी बसवली. पण १३३५ मध्ये अबू सईद निपुत्रिक वारला आणि इल्खानी राज्य सरदारांनी वाटून घेतलं.

व्होल्गाकाठचं जोचीचं घर पुढे गोल्डन होर्ड या नावाने ओळखलं गेलं. ही मंडळी रशियन शहरांत जाऊन राहिली नाहीत. सराय या आपल्या राजधानीत बसून ती खंडणी घ्यायची आणि कुठल्या राजपुत्राला कुठली गादी द्यायची त्याची सनद द्यायची. ती सनद आणायला रशियन राजपुत्रांना सरायपर्यंत हेलपाटे घालावे लागत. बाकीच्यांची खंडणी गोळा करून पोचवण्याचं काम मॉस्कोच्या राजांनी मिळवलं आणि त्यातून मॉस्को मोठं झालं. उझबेग खानाच्या काळात, १३१३ ते १३४१ दरम्यान, हे राज्य पक्कं मुसलमान झालं, तरी रशियन चर्चला दिलेली करमाफी चालूच राहिली. १४८० मध्ये मॉस्को या ओझ्यातून सुटलं. होर्डचे तुकडे झाले. त्यातली क्रिमियाची खानत सर्वांत चिवट, ती १७८३ पर्यंत टिकली.

राहिली मध्य आशियातली चगताई शाखा, आणि आपला खरा संबंध हिच्याशी. तिच्या पूर्वेला कुबलाईचं घर, पश्चिमेला इल्खानी, उत्तरेला जोचीचं. लूट करायला मोकळी दिशा उरली ती दक्षिणेची. लाहोर १२४१ मध्येच एकदा लुटलं गेलं होतं. १२८५ मध्ये दिल्लीचा सुलतान बल्बन याचा मुलगा मुहम्मद मंगोलांशी लढताना मारला गेला आणि त्याच्यासोबत असलेला कवी अमीर खुस्रो पकडला गेला. तो निसटला म्हणून पुढचं त्याचं काव्य आपल्यापर्यंत आलं. चगताई खान दुवा याच्या काळात तर स्वाऱ्यांचा धडाका लागला. १२९९ मध्ये कुतलुग ख्वाजा दिल्लीच्या वेशीवर कीलीपर्यंत आला. १३०३ मध्ये तर्गीने दिल्लीला वेढा घातला तेव्हा अलाउद्दीन खिलजी चितोडहून नुकताच परतलेला, फौज थकलेली, आणि दुसरी फौज वारंगळच्या बाजूला. त्याने दिल्लीजवळच्या सीरीला खंदक खणून तग धरला. दोनेक महिन्यांनी तर्गी निघून गेला.

यानंतर अलाउद्दीनने जे केलं ते शाळेत ‘बाजारभावांचं नियंत्रण’ म्हणून शिकवतात, पण ते मंगोलांमुळे होतं हे बहुधा सांगायचं राहून जातं. मंगोलांना अडवायला मोठी खडी फौज हवी होती. मोठा पगार परवडत नव्हता. म्हणून शिपायाचा पगार वर्षाला २३४ टंके (चांदीची नाणी) ठरवला आणि त्यात त्याचं घर चालावं यासाठी भावच बांधून टाकले: गहू मणाला साडेसात जीतल (तेव्हाचं छोटं नाणं), तांदूळ पाच, हरभरा पाच. कपडा, घोडे, गुरं, सगळ्यांचे भाव ठरले.

या गोष्टीत देवगिरी दोनदा येते. १२९६ मध्ये अलाउद्दीनने रामचंद्रदेव यादवाकडून जी अफाट लूट नेली, तिच्या जोरावर त्याने काकाचा खून पचवून दिल्लीची गादी घेतली. दिल्लीकडे जाताना मुक्कामामुक्कामावर मंजनिकातून, म्हणजे दगडफेकीच्या यंत्रातून, सोनं गर्दीवर उधळलं असं दिल्लीचा इतिहासकार बरनी सांगतो. म्हणजे दिल्लीत बसून मंगोलांना थोपवणारा सुलतान यादवांच्या सोन्यावर उभा राहिला होता. दुसऱ्यांदा देवगिरी येते ती १३०७-०८ मध्ये, मलिक काफूरच्या स्वारीत. १३०६ नंतर मंगोलांचा जोर ओसरला होता, कारण दुवा वारला आणि चगताईंच्या घरात गादीवरून मारामाऱ्या सुरू झाल्या. वायव्येची चिंता मिटली तेव्हा दिल्लीची तयार फौज दक्षिणेकडे वळली. काफूरच्या स्वाऱ्यांमागे इतर कारणंही होती, खंडणी थकली होती हे तर आहेच. पण मध्य आशियातल्या भाऊबंदकीने दख्खनचं दार उघडायला मदत केली, असं मला ठामपणे वाटतं.

भांडणं चालू असतानाही रस्ते चालू होते, हा मंगोल काळाचा विशेष. बीजिंगकडचा नेस्टोरियन साधू रब्बन बार सौमा इल्खानाचा वकील म्हणून १२८७ मध्ये पॅरिसला गेला आणि फ्रान्स-इंग्लंडच्या राजांना भेटला. उलट दिशेने मार्को पोलो कुबलाईकडे गेला. त्याच्या प्रवासवर्णनात आपलं ठाणंही आहे. घोडे घेऊन येणारी जहाजं चाचे लुटतात आणि तिथला राजा त्यांना सामील आहे, अशी त्याची तक्रार. १३४० च्या दशकात मुहम्मद तुघलकाने चीनच्या मंगोल बादशहाकडे वकील म्हणून इब्न बतूताला पाठवलं, तो दौलताबाद-नंदुरबारच्या वाटेने खंबायतकडे गेला. नंदुरबारच्या मराठ्यांबद्दल तो लिहितो, की हे लोक कुशल कारागीर, वैद्य आणि ज्योतिषी आहेत, तांदूळ-भाजी आणि तिळाचं तेल खातात, प्राण्यांना इजा करत नाहीत, जेवणाआधी स्नान करतात. चौदाव्या शतकातल्या मराठी माणसांचं हे चित्र आपल्याला एका चीनच्या वकिलातीमुळे मिळालं. याच रस्त्यांनी प्लेगही फिरला. १३४६ मध्ये तो क्रिमियातल्या काफा बंदराला पोचला आणि तिथून जहाजांनी युरोपात उतरला.

‘जगातल्या दोनशे पुरुषांमागे एक चंगीझचा वंशज’ हा मजकूर मोबाईलवर फिरत असतो. त्यामागे २००३ चं एक जनुकीय संशोधन आहे. त्यात आशियातल्या मोठ्या पट्ट्यात पुरुषांकडून मुलाकडे जाणाऱ्या गुणसूत्राची एकच शाखा फार पसरलेली दिसली, हे खरं. ती चंगीझची, हा मात्र अंदाज. त्याची कबर सापडलेली नाही, त्यामुळे ताडून पाहायला काही नाही.

रक्ताचा खरा वारसा निराळाच होता. चंगीझच्या वंशातला असेल तोच खान होऊ शकतो, हा नियम मध्य आशियाने काही शतकं पाळला. तैमूरने दिल्लीपासून अंकारापर्यंत सगळ्यांना हरवलं, पण तो त्या वंशातला नव्हता. म्हणून त्याने कधी स्वतःला खान म्हणवलं नाही. सोयुरगतमिश नावाच्या एका वंशजाला नामधारी खान करून पुढे बसवलं, स्वतः अमीर राहिला, आणि चंगीझच्या वंशातली मुलगी करून ‘गुरकान’, म्हणजे जावई, ही पदवी मिरवली. १५७५ मध्ये तर रशियाच्या इव्हान द टेरिबलने सिमियोन बेकबुलातोविच या चंगीझच्या वंशजाला वर्षभर गादीवर बसवून स्वतः त्याच्याकडे नम्र अर्ज लिहिले. का, यावर अजून वाद आहेत. पण त्यासाठी त्याने माणूस निवडला तो या वंशातला.

बाबर बापाकडून तैमूरचा आणि आई कुतलुग निगारकडून चगताईचा वंशज. तो स्वतःला तैमुरी म्हणवायचा, मामाकडच्या मोगलांबद्दल, म्हणजे मंगोलांबद्दल, त्याचं मत चांगलं नव्हतं; तरी जगाने त्याच्या घराण्याला मोगल हेच नाव दिलं. त्याचे वारस दिल्लीत ‘गुरकानी’ म्हणून मिरवत राहिले, आणि त्या गादीवर त्याच घराचा माणूस हवा ही समजूत हिंदुस्थानात इतकी रुजली की मराठ्यांनाही ती मोडता आली नाही, किंवा मोडावीशी वाटली नाही. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली. फौजेच्या खर्चासाठी दिवाण-ए-खासच्या छताची चांदी उतरवून रुपये पाडले, पण गादीवर नाव घोषित केलं ते शाह आलमचं. तो तेव्हा दिल्लीत नव्हताही. १७७२ मध्ये त्याला दिल्लीला आणून बसवलं तेही मराठ्यांनीच. १७८४ मध्ये त्याने पेशव्यांच्या नावे वकील-इ-मुतलक, म्हणजे बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी, ही पदवी दिली, आणि पेशव्यांचे नायब म्हणून महादजी शिंद्यांनी बादशहाचा सगळा कारभार हाती घेतला. समरकंदमध्ये तैमूरने सोयुरगतमिशला पुढे बसवून जे केलं होतं तेच चारशे वर्षांनी महादजी दिल्लीत करत होते, आणि या वेळी नामधारी गादीवर तैमूरचाच वंशज होता.